खटका

ओउलूमध्ये नोव्हेंबरात उजेड
नऊनंतर येतो आणि तीनला निघतो.
तेवढा वेळ मी गाडीवर असते, रस्त्यावरचा बर्फ सारत.
म्हणजे घरच्यांचे फोटो काढायचे ते
स्वयंपाकघरातल्या एका दिव्याखाली.
फोनवर केर्टू पुसल्यासारखी येते:
एक वेणी, अर्धं हसू,
आणि ती नुकतीच जिथे होती तिथे
पिवळट धूर.

जादा पाळ्यांचे पैसे घेऊन
एन्सिओच्या दुकानात गेले.
काचेआड जुने कॅमेरे, गळ्यात किमतीच्या चिठ्ठ्या,
कुणी दत्तक नेईल म्हणून बसवून ठेवलेले.
मी सगळं लिहून नेलं होतं, मेगापिक्सेल किती, झूम किती.
त्याने कागदाची घडी करून
माझ्याच खिशात परत सरकवली.
म्हणाला, "माणसं सांग."

सांगितली.
केर्टू, सहा वर्षांची, टेबलाखालूनच ये-जा करते.
इल्मो, माझा नवरा, फोटो म्हटलं की पासपोर्टाचा चेहरा करतो.
नोकी, म्हणजे काजळी. कुत्रा.
बर्फात बसला की फोटोला
कुत्र्याच्या आकाराचं भोक पडतं.
"आणि?"
आणि आई.

आई फोटोत नसते. तिचा हात असतो, ओठांवर.
नऊ वर्षांची होती, शाळेत फोटोवाला आला.
"तू तोंड मीट गं," म्हणाला, "दात दिसतात."
बाकीच्या मुली हसल्या,
फोटोत आणि फोटोबाहेरही.
एकोणसत्तर वर्षं झाली त्याला.

एन्सिओने एक राखाडी, साबणाच्या वडीएवढा काढला.
"हा वाजत नाही. मांडीवर ठेव,
पडदा वर वळव, बटाटे सोलता सोलता काढ.
रविवारपुरता ने. पटला तर पैसे."

रविवारी आई लिंगोनबेरी निवडत होती.
केर्टू कानात काहीतरी पुटपुटली
आणि आई हसली, तोंडभर, दातांसकट.
मी मांडीवरच बोट दाबलं.
काहीच वाजलं नाही.

रात्री सगळे झोपल्यावर पाहिला.
सुंदर होता. अख्खी आई होती.
बराच वेळ पाहिला,
मग पुसून टाकला.
इल्मोला अजून सांगितलेलं नाही.

"याहून मोठ्या आवाजाचा आहे?" सोमवारी विचारलं.
एन्सिओच्या भुवया वर गेल्या, पण तो आत गेला
आणि एक काळा धटिंगण घेऊन आला, पोटात आरसा असलेला.
खटका दाबला तर दाराची कडी पडल्यासारखा आवाज.
चकत्या जाड, हातमोज्यांनीही फिरतात.
भिंग अंधाराला सरावलेलं.
आणि साबणाच्या वडीपेक्षा नव्वद युरो स्वस्त.
"बॅटरी थंडीत मान टाकते. काखेत ठेव, अंड्यासारखी."
"आणि कुत्र्याचं काय?"
"त्याला खिडकीशी बसव.
सगळं यंत्रानेच करायचं तर तू कशाला?"

खट्. आईचा हात वर.
खट्. हात वर.
डिसेंबर संपता संपता हातांचेच एक्केचाळीस फोटो:
राईच्या पिठाचा हात, बेरीच्या रसाचा हात,
अंगठ्याला पट्टी असलेला,
एकात तर हातात पाव तसाच, ओठांसमोर धरलेला.
केर्टू मात्र आता स्पष्ट येते. इल्मो पासपोर्टच.

काल आई म्हणाली, "आण इकडे ते लोढणं."
दिलं. पेलेना.
दोन्ही हातांनी धरलं, छातीशी टेकवलं,
कुठे बघायचं ते विचारलंसुद्धा नाही.
खट्.
फोटोत माझी हनुवटी, स्वेटर, आणि चुलीचा एक पाय.
"डोकं गेलं की गं," मी म्हटलं.
"दातही गेले. सुटलीस!"
म्हणाली आणि हसायला लागली,
दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेले,
थांबेचना.

फोन माझ्या खिशात होता.
तिथेच राहू दिला.