छेद

बोरस्ते प्रोजेक्ट दाखवायला आला, टी.वाय.चा,
कॉलेज रोडच्या टपरीवर, मी चहा सांगून बसलेली.
"मॅडम, मुलींना सरासरी एकवीस मॅच, आम्हाला तीन.
सिद्धच झालं की!"

काय सिद्ध झालं रे?
प्रत्येक मॅचला दोन टोकं असतात.
इकडून मोज, तिकडून मोज,
बेरीज तेवढीच.
फरक छेदात आहे:
एका मुलीमागे सात मुलगे उभे आहेत तुझ्या ॲपवर.

तो बोटांवर करून बघतो. मग म्हणतो, "अरेच्चा."

आता मुलांचा मध्यक काढ.
शून्य.
बहुलक?
तोही शून्य.
सरासरीतले तीन आले ते पाच-सहा जणांच्या जिवावर,
बाकीचे त्र्यंबकच्या घाटात बाइकला टेकून, गॉगल लावून
शून्य.
ओळ सत्तेचाळीस: वय एकवीस, पिंपळगाव,
उजवीकडे सरकवले चारशे बारा.
मी नाव विचारत नाही.
तो कपातली साय बोटाने काढत राहतो.

आणि ही ओळ एकोणीस, एकवीस मॅचवाली,
माझी धाकटी बहीण.
त्यातल्या चौदांशी बोलणं दुसऱ्या वाक्यातच बंद केलं तिने,
भेटली एकाला, गंगापूर रोडला, दाराकडे तोंड करून.
शेजारच्या टेबलावर मी होते,
फोन उघडा, मिसळ गार.
हे तुझ्या तक्त्यात कुठे आहे?

"रकाना वाढवतो, मॅडम," तो म्हणाला.
पेनचं टोपण काढलं.
"वर काय लिहू?"

चहावाल्याने पैसे मागितले तोवर
मला शब्द सुचला नव्हता.