मानस

आमच्या चोडणात मानस म्हणजे मन नव्हे.
बांधातलं लाकडी दार.
भरतीला मिटायचं, ओहोटीला उघडायचं;
खारं पाणी नदीकडे, कोरगुटाची शेतं इकडे.
सगुण ते दार बघतो. आधी त्याचा बाप बघायचा.
मी पंचवीस वर्षं त्याच्या शेजारी निजते
आणि दुसरंच एक दार बघते.

ते त्याच्या घशात आहे.
शेवटची फेरीबोट धक्क्याला लागते, कुत्री गप्प होतात,
त्याचं घोरणं चढत जातं, अडतं,
आणि मग काहीच नाही.
छाती हलते, पोट हलतं, वारा आत जात नाही,
बंद दुकानाचं शटर
आतून कुणी ढकलत असावं तसं.
मी मोजते.
सोळा. एकवीस. एकदा अडतीस.
अडतिसाला मी बरगडीत कोपर घातलं.
“कितें जालें?” म्हणाला,
आणि उत्तराआधी झोपलासुद्धा.
सकाळी त्याला काही आठवत नाही.
आकडे माझ्याकडे आहेत, गॅसच्या पुस्तकात, मागच्या पानावर.

भाद्रपदातल्या अवसेला
मानशीवर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला.
फळ्या टाकायच्या राहिल्या.
पहाटे शेतात मासे होते.
लोक म्हणाले, फेणी.
थोरलीच्या बारशापासून त्यानं थेंब घेतलेला नाही,
पण हे सांगत किती दारं फिरणार?
इनासिनचं शेत सगळ्यात सखल.
ती काहीच बोलली नाही.
तेच जास्त लागलं.

बांबोळीला एका मुलीनं त्याच्या कानशिलावर गार जेल लावलं,
पेनाएवढी कांडी टेकवली,
आणि खोलीत त्याचं रक्त ऐकू आलं:
शूं… शूं… शूं…
वल्ह्यासारखं.
मला उगाच लाज वाटली,
इतक्या वर्षांत मी हे ऐकलं नव्हतं.
“आता श्वास धरा,” ती म्हणाली.
धरल्यावर आवाज चढायला हवा होता.
जेमतेम चढला.

डॉक्टरीणबाईंनी रात्रीचा कागद उलगडला, डोंगर आणि दऱ्या.
श्वास अडला की रक्तात कोंडलेली हवा साचते,
मेंदू घाबरून जास्त रक्त मागवतो, शिरा रुंदावतात, लोंढा चढतो;
मग एकदम श्वास फुटतो,
आणि लोंढा कोसळतो, नेहमीच्या पातळीच्याही खाली.
तुमच्या यजमानांचं हे तासाला चाळीसदा चाललंय.
हळूहळू शिरा सांगितलेलं ऐकेनाशा होतात.

मला अर्धं कळलं.
सगुणला माझ्याआधी कळलं.
“आमच्याकडे दिवसाला दोनच भरत्या,” तो म्हणाला,
“तरी बिजागरी सैल होते, बाय.
तासाला चाळीस आल्या तर कुठलं दार टिकणार?”
डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.
बिजागरी कुठल्या लाकडात बसवतात ते विचारलं,
बाहेर रांग असताना.

आता नाकावर मास्क, उशाशी यंत्र,
वीज जाते म्हणून इन्व्हर्टर घेतला, हप्त्यांवर.
पहिल्या रात्री तो म्हणाला, मला हत्ती केलंस.
दुसऱ्या रात्री सात तास सलग झोपला.
तिसऱ्या दिवशी भरतीची वेळ न बघता बरोबर सांगितली
आणि स्वतःच दचकला.

इनासिनकडे तो दोन गोणी भात घेऊन गेला.
तिनं एक ठेवली, एक परत पाठवली.
शेतावर अजून पांढरं फूल आहे मिठाचं;
दोन पावसाळे लागतील धुऊन निघायला, तो म्हणतो.
डोक्याच्या आतलं किती दिवसांत धुतलं जातं
हे बाईंनी नक्की सांगितलं नाही.
काही परत येतं, म्हणाल्या. काही.

मी मात्र अजून जागते.
यंत्र एका सुरात फुंकतं, तो संथ,
आणि माझी मोजणी कुठे थांबवायची ते कळत नाही.
काल दोनशे बारापर्यंत गेले.
मग त्याच्या कानशिलावर,
जेल लावलेल्या त्याच जागी, बोट टेकवून पाहिलं.
बोटाला काय ऐकू येणार.
बाहेर पाणी चढत होतं,
दार आपलं आपण मिटल्याचा आवाज आला.