प्रोटेक्ट

"काही नाही केलं न भाऊ, आपोआपच बंद पडला,"
म्हणतो कामठीचा प्रणित.
मे महिना. शटरला हात लावला की चटका.

झाकण काढलं. वासानंच अर्धं सांगितलं.
प्रोटेक्टचा लाल दिवा, हिरवा येतच नाही.
फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी,
नीट घडी घातलेली, चार पदरी.
मी त्याच्याकडे पाहिलं. तो पंख्याकडे.

मॉसफेट एकेक सुटा करून
मीटर लावला:
गप्प. गप्प. गप्प.
चौथा टीऽऽऽ करून ओरडला,
जिथं बोलू नये नेमका तिथं.
खालचा रेझिस्टर इतका काळा
की त्याच्या पट्ट्या शेजाऱ्यावरून वाचल्या.

"स्पीकरची वायर सीटखालून नेली का बे?"
"हो."
"अन् सीट मागं कोनं सरकवली?"

मीटरच वाजत राहिला थोडा वेळ.
मग म्हणाला, बाबाचे गुडघे आखडतात.
मेडिकलला नेताना
पाय लांब करता यावे म्हणून.

टोक उचललं. आवाज थांबला.
चारही बदलावे लागतील,
एक गेला की बाकीच्यांचा भरवसा नाही.

"सीट राहू दे तिथंच," म्हटलं,
"वायर वळवून घे."