आईच्या उंचीचं कातडं

सकाळी बाबा ताना सरोवराच्या बेटावर, देवळात उभे,
काखेत टेकणकाठी, हातात पितळी खुळखुळा,
आणि गीझमधलं स्तोत्र इतकं सावकाश
की एका ओळीत मी शेळीचं दूध काढून परत यायची.

रात्री दार लोटून तेच बाबा
लोकांना सुतळीनं मोजायचे,
टाळूपासून टाचेपर्यंत.
माणूस जेवढा, कातडं तेवढंच.
बोटभर आखूड पडलं तर त्या फटीतून
ताप आत शिरतो, म्हणायचे.

काजळी मी खलायची, भाजलेल्या जवात.
तांबडी शाई फक्त देवाच्या नावांना
आणि गिऱ्हाइकाच्या.

अब्बा त्सेगे रागवायचे:
"प्रार्थना म्हणजे पदर पसरणं, दब्तरा.
तू तर देवाची गचांडी धरतोस."
बाबा बोरूचं टोक तासत म्हणायचे,
"भर बाजारात नावानं हाक मारली
तर परका माणूससुद्धा वळून बघतो."
(अब्बांच्या कंबरदुखीचं कातडं
आमच्याच घरून गेलं होतं. पैसे अजून यायचेत.)

मग आई आजारी पडली.
सुतळी लावताना हसली, गुदगुल्या होतात म्हणाली.
बाबांनी सात रात्री लिहिलं.
नुसत्या डोळ्यांचे देवदूत काढले,
बाप्तिस्म्याचं नाव घातलं, जे आम्ही
चारचौघांत उच्चारत नाही:
वलत्ता-किदान.

आठव्या दिवशी तेच माप
कफनाला उपयोगी पडलं.

त्यानंतर बाबांनी काही मागितलं नाही.
काठीवर हनुवटी टेकून बसायचे,
ओठ मिटलेले, श्वास तेवढा येता-जाता.
मी विचारलं, ही प्रार्थना आहे का?
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"सुतळी आहे, पोरी. मोजायचं काही नाही."

ते गेल्यावर उशाशी चामड्याचं नळकांडं सापडलं.
आत आईचं कातडं. नाव खरवडलेलं,
तेही अर्धंच.
'वलत्ता', म्हणजे लेक, तशीच राहू दिलेली,
पुढे उजळ तांबड्यात
माझं उरलेलं नाव.

हे कधी केलं?
शाई कुणी खलून दिली?

तापात कधीकधी अंगावर ओढून घेते.
आईपेक्षा मी चार बोटं उंच.
घोटे उघडे राहतात.