मागून हाक

निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये,
असं आमच्या घरी होतं.
मी त्याचाच पगार घेते.

हल शहर, जानेवारी, सकाळचे सात.
हंबरवरून धुकं आत आलेलं,
खिडकीत नदी नाही, पूल नाही,
टेबलावर आजची यादी: चार थिएटरं, एकवीस नावं.
मागच्या आठवड्यात एकशे चारातली तेरा गळाली.
मीटिंगमध्ये म्हणाले, बरा आहे आकडा.

कारणं संगणकात आधीच भरलेली असतात,
आपण फक्त क्रमांक द्यायचा.
दोन: खाट नाही.
चार: भूलतज्ज्ञ आजारी.
सात: अवजारांच्या ट्रेचं वेष्टन फाटलं,
तांदळाच्या कणीएवढं भोक, पण भोकच.
नऊ: पेशंटने खाल्लं.
(अर्धंच बिस्किट, म्हणाल्या मिसेस ओयेलारान.
अर्धंही चालत नाही.)
अकरा: आधीचं ऑपरेशन लांबलं, दिवस संपला.
एकची कळ गुळगुळीत झाली आहे माझी.

यादीत नसलेलं कारण पाचव्या मजल्यावर बसलंय,
खिडकीशी, केस विंचरून, बरं होऊन.
तीन आठवडे झाले.
घरी तिला जिना चढवायला कुणी नाही
म्हणून ती खाट सोडत नाही,
म्हणून खालच्या विभागातला वर जात नाही,
म्हणून थिएटरात दिवे लागलेले,
सर्जन हात धुऊन उभा,
आणि मी फोन उचलते.

मिस्टर टिंडल, उजवा खुबा, हृदय नाजूक,
शुद्धीवर येताना जवळ नर्स हवी अशी खाट हवी.
तिसरी वेळ.
कुत्रा बहिणीकडे बेव्हर्लीला पोचवलेला,
बॅग दारात, कोट अंगात, टॅक्सी वळणावर.
रात्री बारापासून पोटात अन्न नाही.
मी म्हणते, "पुढे ढकलावं लागतंय."
'रद्द' म्हणायचं नाही असं शिकवलंय.
माझ्या भाषेत तर त्या शब्दाला
एक ईकार लावला की रद्दीच होते.

ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं.
चाळीस वर्षं मासळीच्या धक्क्यावर काढलेला माणूस,
म्हणाला, "बोट आली नाही, म्हणजे आली नाही."
मग जरा थांबून,
"तू काही खाल्लंस का, पोरी?"
मी म्हटलं, "तुम्ही खा आता. खुशाल खा."
फोन ठेवता ठेवता
टोस्टरची कळ खाली गेल्याचा आवाज आला.

अकरा वाजता खाट मोकळी झाली.
पाचव्या मजल्यावरची नव्हे;
कशी झाली ते मी विचारलं नाही,
त्या विभागात विचारत नाहीत.
सर्जन म्हणाले, साडेअकराला घेऊ, बोलाव त्यांना.

मी फोन केला.
दोन टोस्ट, म्हणाले, वर मुरांबा.
आणि हसले, पण हसणं
खुब्यापाशी अडकल्यासारखं मध्येच थांबलं.

वरून निरोप आला, नोंद दुरुस्त करा:
आता खाट आहे, पेशंटने खाल्लं आहे.
क्रमांक नऊ.

पडद्यावर दोन आहे.
कर्सर त्याच्यापुढे लुकलुकतोय.
बाहेर धुकं थोडं वर सरकलंय,
पुलाचा अर्धाच भाग दिसतो,
मधून सुरू होऊन मध्येच संपणारा.

मी दोनच ठेवला.
मग डब्यातली पोळी काढली
आणि टेबलाखाली धरून,
चोरून खाल्ल्यासारखी खाल्ली.