एक मिनिट

बेदाणा निवडताना
बोटं चुकत नाहीत आमची.
काळा पडलेला मणी, देठाचा तुकडा, खडा
आपोआप बाजूला.
तोंड तेवढ्यात सुनेची गाऱ्हाणी सांगत असतं.

त्या शेडच्या दारात
बेबीताई रजिस्टर घेऊन उभी राहिली.
तिशीच्या पुढच्या सगळ्या जणी
बुधवारी उपकेंद्रात या, म्हणाली.
गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी आहे.

सगळ्या हसलो.
शेवंता म्हणाली,
सहा पोरं आली ह्या तोंडातनं,
आता काय बघायचं राहिलंय?

बेबीताई हसली नाही.
तिची जाऊ, मालन.
वर्षभर अंगावरनं जात होतं
आणि वर्षभर तिनं अंगावर काढलं.
छाटणी झाली की जाऊ,
माल रॅकवर चढला की जाऊ,
पुतणीची हळद लागली की.
मिरजेच्या डॉक्टरनं शेवटी विचारलं,
इतके दिवस होता कुठं?
कुणाला सांगता आलं नाही
की इथंच होतो,
कवठ्यापासनं आठ किलोमीटरवर.

बुधवारी आम्ही चौघी गेलो.
टेबलाचं रेक्झिन फाटकं,
पडदा म्हणून कुणाचंतरी जुनं इरकल.
लाईट नव्हती.
नदाफ सिस्टरनी बॅटरी बेबीताईच्या हातात दिली
आणि मला म्हणाल्या, ढिलं सोड अंग.
अंग ढिलं कसं सोडतात
हे कुणी शिकवलंय मला?
मी भिंतीवरच्या पालीकडं बघत राहिले.

कापसाचा बोळा, व्हिनेगर.
स्टँडवरच्या चायनीज गाड्याचा वास.
आता एक मिनिट थांबायचं, त्या म्हणाल्या.
खराब असेल तिथं पांढरं उठतं.

एक मिनिट.
अठ्ठेचाळीस वर्षांत
एवढा वेळ कुणी माझ्यासाठी थांबलं नव्हतं.
बोटं रेक्झिनवर आपोआप हलत होती,
काहीतरी निवडत.

डाग आहे, सिस्टर म्हणाल्या. लहान.
पुढल्या बुधवारी मशीन येतंय, शेकून टाकू.
पिशवी काढायची का, मी विचारलं.
आमच्याकडं सगळ्यांच्या काढतात.
नाही गं. डागच तेवढा.

दुपारी शेडवर परत.
शेवंतानं वर न बघता विचारलं, दुखतं का?
मी ट्रेमधला एक काळा मणी उचलून
बाजूला ठेवला.
एवढंच, म्हटलं.

रोज किती बुडला?
अर्धा.

ती गप्प झाली.
हिशेब करत असावी.
हातातला स्वच्छ मणी
तिनं उजेडाकडं धरून
दोनदा फिरवून बघितला.