टिचकीबाईचे ठसे

गांधीबागेत माझा ट्रेडल छापखाना.
लग्नपत्रिका, बारसं, तेरवीची कार्डं.
तिथे ती आली नोव्हेंबरात
सायकलच्या कॅरिअरला दगड बांधून.

नाव तिनं तीनदा सांगितलं, टीट्स्के.
शाईवाला घनश्या म्हणाला, टिचकी.
तिनं टेबलावर टिचकी वाजवली
आणि तेच नाव झालं.

तिच्या देशात म्हणे दगडच नाही.
नुसता गाळ, अन् समुद्रापेक्षा खाली घरं.
बाप बांधावर कामाला.
परमुलखातून बोटीनं आलेले काळे दगड
गुडघ्यावर बसून एकाला एक भिडवायचा.
मोजून यायचे, मोजून लागायचे.
आठ वर्षांची असताना हिनं एक चोरला,
गादीखाली ठेवला.
तेव्हापासून हेच, म्हणाली.

आणि इथे हिंगण्याच्या रस्त्याला
तोच काळा दगड बेवारस पडलेला,
लोक त्यावर बसून तर्री-पोहे खाऊन राहिले.
ती रडली, की तर्री लागली, मला कळलं नाही.

बावीस वर्षं ब्राँझ ओतलं तिनं,
तिकडच्या चौकाचौकांत उभं केलं.
मग अंगठ्याचा सांधा गेला.
छिन्नी धरवेना, म्हणून
दगडालाच शाई लावायची, माझ्या रोलरनं.
वर ओला कागद,
आणि भाताच्या पळीच्या पाठीनं तासभर घासायची.
कागद उचलला की
भेग, बुडबुडे, घणाचा एक चुकलेला घाव.
खाली पेन्सिलीनं: सातपैकी तीन.
मी म्हटलं, बाई, पाचशेच्या खाली आपण ऑर्डर घेत नाही.

तिला मराठी येत नव्हतं,
पण उलटं येत होतं.
माझ्या स्टिकमधल्या खिळ्यांत
एक वेलांटी डोक्यावर उभी होती,
तिनं नखानं दाखवली.

अंबाझरीच्या वळणावर तिचे दोन दगड उभे राहिले.
ती खडूनं रेघ मारायची,
यल्लूबाई धोत्रे त्यावर टाकी.
मधे एक फट, हात जाईल एवढी.
महिनाभरात महापालिकेनं त्याला
डिव्हायडर समजून काळे-पिवळे पट्टे मारले.
मी शिव्या देत होतो.
ती कागद घेऊन धावली, रंग ओला होता अजून.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत पाहायला नेलं.
एवढी मोठी बाई, एवढे दिवस खपून केलेली,
आणि आज जाळायची?
कितीपैकी कितवी, तिनं विचारलं.
दरवर्षी एकच, मी म्हटलं.
ती बराच वेळ गप्प.
मग गर्दीत घुसून सगळ्यांत मोठ्यानं ओरडली,
घेऊन जा गे मारबत!
काय घेऊन जा म्हटलंस?
तिनं अंगठा दाखवला.

परवा पोस्टानं नळकांडं आलं, भाच्याकडून.
चार ओळी इंग्रजीत, तारीख मार्चमधली.
आणि एक ठसा, तळहाताएवढ्या दगडाचा.
त्याच्या कडा मुठीत राहून गुळगुळीत झालेल्या.
खाली वाकड्या पेन्सिलीनं: एकापैकी एक.

दुपारी खिळे जुळवायला बसलो.
ट्स्क हे जोडाक्षर माझ्या खणांत नाही.
टिचकी आहे.
जुळवलं, दोऱ्यानं बांधलं,
मशीनवर चढवलं नाही.
घनश्या म्हणाला, मालक, शाई?
राहू दे, म्हटलं,
तिला असंच वाचता येतं.